निंबोळी मारली, तरी अळी जिवंत का?

"निंबोळी मारली, पण अळी काय मेली नाही." बेळगाव तालुक्यातल्या शिवारात हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याचा हिशेब नाही. एका हंगामात मी स्वतःही ते म्हटलंय. सोयाबीनवर अळी पडली होती. बाजारातून निंबोळी पावडर आणली, पाण्यात ढवळली आणि सकाळी दहाच्या उन्हात पंप पाठीवर घेतला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला बांधावर हजर. अळ्या पानांवर जशाच्या तशा. तिसऱ्या दिवशी दुकानातून लाल खुणेची, म्हणजे सर्वांत जहाल विषाची बाटली आणून मारली आणि निंबोळीचा विषय माझ्यापुरता संपला.

तो परत सुरू व्हायला दोन वर्षं लागली. पावडर जुनी होती आणि ऊन वर आल्यावर फवारलं, या दोन चुका पुढे कळल्या. खरी चूक तिसरीच होती. मी मेलेल्या अळ्या शोधत होतो. निंबोळीचं काम तसं चालतच नाही.

आपल्याकडे कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, सगळे 'औषध' म्हणतात. औषध मारलं की संध्याकाळपर्यंत कीड खाली पडली पाहिजे, ही सवय गेल्या दोन-तीन पिढ्यांत लागली, कारण बहुतेक रासायनिक औषधं किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालतात. अळी तडफडते आणि पडते, डोळ्यांना दिसतं. झाडपाल्याच्या औषधाकडूनही आपण तेच मागतो, आणि तिथंच फसतो.

झाडाला पळता येत नाही. गाय आली, टोळ आला, अळी आली, तरी त्याला जागेवरच उभं राहायचं असतं. म्हणून लाखो वर्षांत झाडांनी पानांत, बियांत, सालीत कडू, तिखट, विषारी द्रव्यं साठवायला सुरुवात केली. मिरचीचा तिखटपणा, लसणीचा उग्र वास, तंबाखूची नशा, कडुनिंबाचा कडूपणा ही सगळी मुळात झाडाच्या स्वसंरक्षणाची हत्यारं. प्रत्येक झाडाचं हत्यार वेगळं आहे आणि ते वेगळ्या ठिकाणी लागतं. म्हणून 'वनस्पतीजन्य औषध' असं एकच नाव सगळ्यांना देऊन भागत नाही.

कडुनिंबाचं हत्यार कसं चालतं, ते शास्त्रज्ञांच्या लक्षात टोळांमुळे आलं. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसलं, की सगळं हिरवं फस्त झालं तरी कडुनिंब तेवढा शाबूत आहे. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवाणी आणि राय यांनी टोळधाडीच्या वेळीच पिकांवर निंबोळीच्या बीतल्या गराचं पाणी फवारलं. प्रमाण अगदी कमी, लिटरला एक ग्रॅम. टोळ त्या पिकावर उतरले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव अझाडिरॅक्टिन. हा रेणू इतका गुंतागुंतीचा, की तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा जुळवायला केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना बावीस वर्षं लागली, ते २००७ साली जमलं. कारखान्यात बनवणं परवडण्यासारखं नाही, म्हणून आजही दुकानातल्या बाटलीत जे अझाडिरॅक्टिन असतं ते कुठल्या तरी झाडाच्या निंबोळीतूनच काढलेलं असतं.

आता ते अळीला काय करतं ते बघू. पहिली गोष्ट म्हणजे तिची भूक मारतं. पानाची चव लागली की अळी तोंड बाजूला घेते, आणि थोडं पोटात गेलं तरी तिची पचनाची घडी बिघडते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अळीची कातडी आपल्यासारखी वाढत नाही. वाढत्या पोराला शाळेचा सदरा आखूड होतो तशी तिची कातडी तिला अपुरी पडते, मग ती कात टाकते. सोयाबीनवरची स्पोडोप्टेरा कोषात जाईपर्यंत पाच वेळा तरी कात टाकते. कात कधी टाकायची हे तिच्या शरीरातलं एक संप्रेरक ठरवतं, त्याला इक्डायसोन म्हणतात. अझाडिरॅक्टिन नेमकं त्या संप्रेरकाचं वेळापत्रक बिघडवतं. कात अर्धवट सुटते, अळी तिच्यातच अडकते किंवा कोषात जाता जाता मरते. जी पतंग होते तीही पुष्कळदा अंडी घालण्याच्या लायकीची राहत नाही.

हे सगळं व्हायला चार-पाच दिवस जातात, कधी आठवडा. मधल्या काळात अळी पानावर दिसते, हलते, पण खात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजण्यात अर्थ नाही. नवी पानं कुरतडलेली आहेत का, पानावर ताज्या लेंड्या पडल्यात का, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघायचं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर ती लाल खुणेची बाटली मी आणली नसती.

याच्यातूनच पुढचा नियम निघतो. ज्या अळीला अजून तीन-चार वेळा कात टाकायची आहे, तिच्यावर निंबोळी चालते. बोटाएवढी झालेली अळी एकदा कात टाकून कोषात जाणार, तोवर शेत फस्त करून मोकळी. स्पोडोप्टेरा अंडी पुंजक्यानं घालते, पिल्लं एकाच पानावर घोळक्यानं बसून हिरवा भाग खातात आणि पान जाळीसारखं होतं. अख्ख्या रानात एखादं-दुसरंच जाळीदार पान दिसतं, तो निंबोळीचा मुहूर्त. ते पान तोडून अळ्यांसकट नष्ट करायचं आणि त्याच संध्याकाळी फवारायचं. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीलाही हेच लागू. ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच राज्यात, कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे सापडली. ती एकदा पोंग्यात खोल शिरली की वरून मारलेलं काहीच तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

संध्याकाळी का? अझाडिरॅक्टिनला ऊन सोसत नाही. उघड्या पानावर एक-दोन दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. संध्याकाळी मारलं तर निदान एक पूर्ण रात्र मिळते, आणि स्पोडोप्टेरा खायला बाहेर पडते तीही रात्रीच. तेच विघटन आपल्या फायद्याचंही आहे, कारण भाजीवर विष मागे राहत नाही. पण म्हणूनच आठ-दहा दिवसांनी फवारणी परत करावी लागते. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैत पावसाची झड लागली की निंबोळी मारण्यात काही हशील नाही, सगळं धुऊन जातं. उघडीप बघूनच पंप भरावा.

करायची रीत अवघड नाही. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीची भरड. कुटून बारीक केलेली भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी हलवून दुहेरी फडक्यातून गाळायची, नाहीतर नोझल तुंबतं. साबणाचा चुरा दोनशे ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घालायचा, म्हणजे अर्क पानाला धरून बसतो. मग पाणी घालून शंभर लिटर करायचं. पंधरा लिटरच्या एका पंपाला हिशेबानं पाऊण किलो भरड पडते. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा. खारट, चुनखडीच्या बोअरच्या पाण्यात तो लवकर निकामी होतो, तेव्हा पावसाचं किंवा नाल्याचं गोडं पाणी मिळालं तर तेच घ्यावं. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मिळणारी पत्रकं कन्नडात असतात. त्यांत 'बेविन बीजद कषाय' असं लिहिलेलं असेल तर तो हाच निंबोळी अर्क, आणि 'बेविन एण्णे' म्हणजे कडुनिंबाचं तेल. पाडव्याला शेजारच्या घरातून येणाऱ्या बेवु-बेल्लातला, म्हणजे कडुनिंब-गुळातला बेवु तो हाच.

पाडव्याला आपण पाला खातो म्हणून पाल्याचाच रस काढून फवारणारे बरेच भेटतात. पाल्यात अझाडिरॅक्टिन फार थोडं असतं. ताकद बीच्या गरात आहे. तेलातही असतं, पण तेल कसं काढलं यावर ते अवलंबून. थंड घाण्याच्या तेलात बरं राहतं, उष्णतेनं काढलेल्या तेलात बरंचसं जातं. आणि तेलाचं प्रमाण वाढवून भर दुपारी मारलं तर पानं करपतात.

आता निपाणीकडे येतो, कारण 'झाडापासून केलेलं म्हणजे निर्धोक' हा समज मोडायला निपाणीइतकी चांगली जागा नाही.

निपाणी-चिकोडी पट्ट्यात बिडीच्या तंबाखूवर घरं उभी राहिली. तिथल्या कुणालाही विचारा, शेंडे खुडताना, फुटवे काढताना ओल्या पानाचा रस अंगाला लागला की काय होतं. मळमळतं, डोकं गरगरतं, उलटी होते. तोंडात एक कण न टाकता होतं, कारण निकोटीन कातडीतून थेट आत जातं. वैद्यकात याला हिरव्या तंबाखूचा आजार असंच नाव आहे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांची सारी उमर त्या धुळीत गेली.

निकोटीन हे माणसानं वापरलेल्या अगदी जुन्या कीटकनाशकांपैकी एक. ते मज्जातंतूंच्या संदेशाच्या जागी जाऊन चिकटतं. ही जागा किडीच्या शरीरात आहे तशी माणसाच्या शरीरातही आहे. अझाडिरॅक्टिन ज्या कात टाकण्याच्या यंत्रणेवर लागतं, ती माणसाला नाहीच. दोन्ही झाडापासूनच मिळतात, पण हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. निकोटीन सल्फेटचा कीटकनाशक म्हणून वापर आपल्या देशात बंद केलेला आहे. आज दुकानात मिळणाऱ्या इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांना निओनिकोटिनॉइड म्हणतात ते उगाच नाही, ती निकोटीनच्याच जागेवर काम करतात. आणि तरीही तंबाखूचा काढा उकळून मिरचीवर, टोमॅटोवर मारायची 'सेंद्रिय' कृती हातोहात फिरत असते.

ती करू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला विषारीपणाखेरीज आणखी दोन कारणं आहेत. पहिलं, तंबाखूच्या पानात केवड्याचा म्हणजे मोझॅकचा विषाणू असू शकतो. जगात सर्वांत आधी ओळखला गेलेला विषाणू तोच, आणि तो फार चिवट आहे. वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो, आणि टोमॅटो, मिरची ही तंबाखूच्याच कुळातली. तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोची रोपं लावली तरी रोग जातो. दुसरं कारण अळीच्या नावातच आहे. स्पोडोप्टेराला मराठीत काय म्हणतात? तंबाखूची पानं खाणारी अळी. जी तंबाखू खाऊनच मोठी होते, तिला आपण तंबाखूचं पाणी दाखवणार.

दशपर्णी अर्काबद्दल लोक हटकून विचारतात. कडुनिंब, करंज, सीताफळ, निरगुडी, घाणेरी, एरंड, पपई, गुळवेल, रुई, कण्हेर या दहांचा पाला, वर मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र, आणि दोनशे लिटर पाण्यात महिनाभर आंबवणं. खानापूरच्या पश्चिमेला कडुनिंब कमी आणि करंज, निरगुडी, घाणेरी बांधाबांधाला, तेव्हा तिथं दशपर्णीची सोय जास्त. त्याच्या उग्र वासानं आणि चवीनं किडी दूर राहतात असं अनुभवी शेतकरी सांगतात आणि मी ते खोटं ठरवणार नाही. पण प्रत्येक पिंपातला अर्क वेगळा असतो. पाला कोवळा की जून, पावसातला की उन्हाळ्यातला, यावर द्रव्यं बदलतात, त्यामुळे 'पंपाला इतके मिली' हा आकडा निंबोळीइतका पक्का नसतो. आधी चार ओळींवर मारून दोन दिवस थांबावं. कण्हेर हृदयावर घाव घालणारं विष आहे, रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. पाला कुटताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि तो कुटायला घरातला पाटा-वरवंटा किंवा मिक्सर घेऊ नये. शेण-गोमूत्र पडलेला अर्क उद्या बाजारात जाणाऱ्या कोथिंबीर-मेथीवर मारणं मला पटत नाही. ती भाजी कुणीतरी कच्ची खाणार असतं.

कडुनिंबाच्या तेलालाही हाच इशारा. मोठ्या माणसाला फवारताना त्याचा विशेष धोका नाही, पण तान्ह्या मुलांना हे तेल पाजल्यानं झटके आल्याच्या, जीव गेल्याच्या घटनांची वैद्यकात नोंद आहे. 'कडू आहे, पोटातले जंत जातील' म्हणून घरच्या आजीनं चमचाभर पाजू नये, म्हणून बाटली उंच ठेवावी.

मग एवढी खटपट करायची कशाला? माझं उत्तर उसावरच्या लोकरी मावा या किडीच्या गोष्टीत आहे. २००२ च्या पावसाळ्यात तो सांगलीकडच्या उसावर दिसला आणि बघता बघता बेळगाव जिल्ह्यात आला. पानाखाली कापूस पसरल्यासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर काळी बुरशी. उंच उसात पंप घेऊन शिरणंही मुश्कील. तो आटोक्यात आला तो मुख्यतः मित्रकीटकांमुळे. मावा खाणारी डिफा नावाची अळी, जिला तेव्हा कोनोबाथ्राही म्हणायचे, आणि मायक्रोमस नावाचा किडा. शेतकरी डिफाचे कोष असलेली पानं एका फडातून तोडून दुसऱ्या फडात टाचायचे. ज्यांनी घाबरून जहाल औषधं मारली, त्यांनी माव्याबरोबर त्याचा शत्रूही मारला.

निंबोळी इथं कामी येते. ती मुख्यतः पोटातून काम करते, पानाचा घास घेणाऱ्यावर. ढालकिडा, कोळी, क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा किडा, हे मित्र पान खात नाहीत, माव्याला किंवा अळीला खातात, त्यामुळे त्यांना तिचा त्रास पुष्कळ कमी होतो. आपण चार दिवस थांबायची तयारी दाखवली तर उरलेलं काम हे मित्र करतात. मधमाश्यांसाठीही संध्याकाळचीच वेळ बरी, तोवर त्या घरी गेलेल्या असतात.

पण एकट्या अर्कावर शेत सोडू नये. कोबीवाल्यांसाठी एक जुनी, तपासलेली रीत आहे, बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं बसवलेली. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. एक कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी. कोबीला छिद्रं पाडणारा चौकोनी ठिपक्याचा पतंग मोहरीकडे ओढला जातो आणि अंडी तिथं घालतो. कोबीवर मग चार टक्के, म्हणजे शंभर लिटरला चार किलो भरडीच्या निंबोळी अर्काच्या मोजक्या फवारण्या पुरतात. याच संस्थेनं कडुनिंबाचा आणि करंजाचा फवारणीसाठीचा साबणही तयार केला आहे, अर्क करायला वेळ नसणाऱ्याला तो सोयीचा. सोयाबीनच्या कडेनं एरंडाची ओळ लावली तर स्पोडोप्टेरा आधी तिथं अंडी घालते. रुंद पानांवरचे पुंजके लांबूनही दिसतात. आणि सोयाबीनच्या मीटरभर ओळीत तीन-चार अळ्या होईपर्यंत जीव टांगणीला लावायची गरज नाही, तेवढं पीक सोसतं.

येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या काळ्या रानात भातानंतर मसूर, हरभरा होतो. तो घरात आल्यावर भुंगा लागतो. त्याचं अंडं दाण्याला बाहेरून चिकटलेलं असतं आणि त्याला हवा लागते. किलोला पाच मिली तेल दाण्याला चोळलं की अंड्याचा श्वास कोंडतो. खायच्या मसुराला गोडं तेल, बियाण्याला कडुनिंबाचं. कणगीत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थर देऊन घालायची रीत आपल्या आज्या पाळत आल्या, तीही चालते. दाणा मात्र खणखणीत वाळलेला हवा.

बाटलीच घ्यायची असेल तर तिच्यावर अझाडिरॅक्टिन किती ते बघा. तीनशे, पंधराशे, तीन हजार, दहा हजार पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) असे प्रकार येतात आणि प्रत्येकाची मात्रा वेगळी. शेजाऱ्यानं सांगितलेले 'पंपाला पन्नास मिली' त्याच्या बाटलीचे असतात. कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख नसेल तर ती बाटली परत ठेवा. लेबलवरच्या चौकोनाचा रंग बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकलेल्या औषधानं तासाभरात अळ्या खाली पडल्या, तर आनंद मानू नका. आत काहीतरी वेगळं मिसळल्याची ती खूण असू शकते. झाडपाला इतक्या घाईनं सहसा मारत नाही.

घरची निंबोळी यापेक्षा केव्हाही खात्रीची. ती सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीकडे जून-जुलैत झाडाखाली सडा पडलेली असते. बेळगावच्या आसपास आणि खानापुरात झाडं कमी, तेव्हा त्या बाजूचे पाहुणे असतील तर आधीच सांगून ठेवावं. पिवळी पडलेली निंबोळी रोजच्या रोज वेचावी. चिखलात दोन दिवस पडली की बुरशी धरते, आणि बुरशीचं विष अर्कात उतरतं. बीवरचा पिवळा गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून ती तागाच्या पोत्यात भरावी. प्लॅस्टिकच्या पोत्यात ती घामेजते. तीन महिन्यांनी ती अर्काला चांगली तयार होते आणि आठ-दहा महिन्यांनंतर जोर उतरतो. म्हणजे यंदा जुलैत भरलेलं पोतं दिवाळीच्या आसपासच्या कोबीला अगदी वेळेवर येतं. पुढच्या खरिपातल्या सोयाबीनला मात्र ते चालणार नाही, त्यासाठी पुढच्या जूनची ताजी बी तयार होईपर्यंत साबण किंवा बाटलीवर भागवावं लागतं. माझी ती पहिली पावडर किती वर्षांची होती ते पाकिटावर लिहिलेलंच नव्हतं. आता मी पोत्यावर कोळशानं महिना लिहून ठेवतो.